बीथिका कुणाला नावाने हाक मारत नाही

बीथिकाने लाइव्हमध्ये बायकांना नावाने हाक मारणं बंद केलं आहे. आज दुपारी मी फोन पुढ्यात ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. "दीदी, हा पदर बघा. दीदी, किंमत वर लिहिलेली आहे." एवढंच. कुणाची थट्टा नाही, कुणाच्या नवऱ्याची चौकशी नाही. साड्या मात्र सगळ्या गेल्या. तिचा नवरा निताइ म्हणतो, ती आतून खचत चालली आहे. मला वेगळीच भीती वाटते. ती खचणार नाही, सरावेल. आणखी महिनाभराने तिला हे असंच जमायला लागेल, आणि मग कटव्याच्या त्या मुलीचं नाव तिच्या तोंडून कधीच निघणार नाही.

बीथिका बसाक बंगालातल्या आमच्या फुलिया गावात लग्न होऊन आली तेव्हा मी नुकतीच बी.ए. झाले होते आणि माझंही लग्न याच गल्लीत ठरत होतं. आमच्या दोघींच्या घरांत एक भिंत आणि एक पेरूचं झाड. ती मला बौदी म्हणते, म्हणजे वहिनी. निताइ जामदानी साड्या विणतो. ती आल्यापासून चरख्यावर सूत गुंडाळायची, साळीच्या लाह्या भिजवून त्यांची खळ करायची, सुताला चोपडायची. तिच्या हाताला कायम त्या आंबूस खळीचा वास. महाजन, म्हणजे साड्यांचा व्यापारी, यायचा, साड्या उलटसुलट करून बघायचा आणि नाक मुरडून न्यायचा. पुढे मशीनवर हुबेहूब तशाच साड्या निघायला लागल्या. महाजनाने आधी दर पाडला, मग येणंच बंद केलं. आमच्या गल्लीतले माग एकामागून एक गप्प झाले. पुरुष केरळात बांधकामावर गेले.

बीथिकाने दिराचा जुना फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला, मागे धुतलेली चादर लावली आणि साडी खांद्यावर टाकून बोलायला लागली. त्या पहिल्या दिवशी बघणारे आम्ही मोजकेच. मी, तिची बहीण आणि कोणीतरी एक माणूस, जो तिला भलतंसलतं विचारत होता. बीथिका त्याला म्हणाली, "दादा, स्वतःला नेसायची असेल तर गुलाबी घ्या. तुमच्या रंगाला उठून दिसेल." मी पलीकडे बसून पोट धरून हसले. तो माणूस गेला. दुसऱ्या दिवशी बहिणीच्या मैत्रिणी आल्या.

मग ती रोज जेवणं उरकली की बसायची. आधी शंख फुंकायची. शंख ऐकू आला की गल्लीतली लहान मुलं म्हणायची, बीथिकाकाकी बाजार मांडते आहे. साडी विकणाऱ्या पुष्कळ आहेत, तिच्याहून देखण्या, तिच्याहून चांगले दिवे लावणाऱ्या. पण नावं फक्त बीथिकाच्या लक्षात राहायची. आमच्याकडे प्रत्येकाला दोन नावं असतात. एक शाळेच्या दाखल्यावरचं आणि एक घरातलं. घरातलं नाव बाहेरचं कुणी घेत नाही, आणि घेतलं की ते माणूस बाहेरचं राहत नाही. बीथिका पहिल्याच दिवशी विचारायची, "घरी काय म्हणतात गं तुला?" आणि मग तेच नाव.

"ए बुल्टी, परवा निळी घे म्हटलं तर सासूला विचारते म्हणालीस. निळी गेली तुझ्या नणंदेकडे. आता बस डोळे पुसत."

"खुकूमा, ही तुमच्यासाठी नाही. तुम्हाला लाल किती झाल्या? कपाट आहे की देवीचं देऊळ?"

सिलिगुडीपासून आगरतळ्यापर्यंतच्या बायका साडी घ्यायची नसली तरी येऊन बसायच्या. आपलं घरचं नाव कुणीतरी मोठ्याने घ्यावं म्हणून. बऱ्याच जणींच्या माहेरी ते नाव घेणारं आता कुणी उरलेलं नसतं. मला हे कळायचं, कारण मलाही आता सगळे रिनीची मा म्हणतात.

तिच्या जिवावर निताइचा माग चालू राहिला, शेजारचे बंद पडलेले पाच पुन्हा सुरू झाले, दोघं जण केरळातून परत आले. हे सगळं खरं आहे आणि तिच्याबद्दल लिहिताना हे आधी लिहायला हवं.

दुर्गापूजेला महिना राहिला होता तेव्हाची गोष्ट. साडीचा रंग पटला नाही तर बीथिका परत घेते. त्या दिवशी परत आलेल्या साड्यांची बरीच पाकिटं आली होती. ती पाकिटं फोडायची, साडी काढायची आणि वरचं वेष्टन चुलीजवळच्या टोपलीत टाकायची. एका पाकिटातून साडी निघाली ती मशीनची. बाहेरून सारखीच दिसणारी, तोच मोरपंखी रंग. निताइने हातात घेऊन उलटी केली आणि म्हणाला, "ही आपली नाही." आत एक चिठ्ठी होती. 'दीदी, रंग जमला नाही. मांपी.'

बीथिकाच्या कानशिलाची शीर उडायला लागली. पत्त्याचं वेष्टन तोवर चुलीत गेलं होतं. तिने फोनवरच्या निरोपांत मांपी शोधली. पहिलीच निघाली ती कटव्याची. तिने चार दिवसांपूर्वीच विचारलं होतं, दीदी, मोरपंखी साडी परत करता येईल का. बीथिकाने पुढे वाचलं नाही. मीही तेव्हा वाचलं नव्हतं. पुढे लिहिलं होतं, 'राहू दे, आईला आवडली, ठेवते.'

बंगालात ज्या घरांत मुली आहेत त्यांतल्या दर चार घरांत एक मांपी असते.

"बीथिका, आधी तिला फोन करून विचार," मी म्हणाले.

"विचारू काय त्यात? चोर हो म्हणतो होय? बौदी, सगळ्या दुकानवाल्या असंच करतात. एकीला चारचौघांत उभी केली की बाकीच्या दहा जणी सरळ होतात."

त्या दिवशीही तिने शंख फुंकला.

"बघा सगळ्याजणी. ही मी पाठवलेली साडी आहे का? माझ्या माणसाच्या मागावर असला धागा चढतच नाही. जामदानी ठेवून घेतली आणि हे पोतेरं मला धाडलं. विणणाऱ्याच्या डोळ्यांची काही किंमत आहे का नाही?"

खाली कमेंटी धावायला लागल्या. नाव सांग बीथिकादी. अशीला सोडू नकोस. चेहरा दाखव. मी दिव्याच्या मागे पाटावर बसले होते. मला बीथिकाचा चेहरा दिसत होता. ती साडीकडे बघत नव्हती, फोनच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत होती. किती जणी बघताहेत तो आकडा. तो वर चढत होता, तसा तिचा आवाज चढत होता. इतकी माणसं तिच्यापुढे कधीच बसली नव्हती. तिने नाव सांगितलं. गाव सांगितलं. मग दुसरा फोन उचलला, त्यावर मांपीचा फोटो मोठा केला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. फोटोत मांपीच्या कडेवर एक लहान मुलगी होती.

मी पुढे वाकून तो फोन खाली ओढायला गेले. तिने माझा हात झटकला. तेवढा माझा हात व्हिडिओत आला आहे. शंखाची पांढरी बांगडी, पोवळ्याची लाल बांगडी, आणि मनगटाच्या वर तेलाने भाजल्याचा डाग.

रात्री रिनीचा फोन आला. ती कोलकात्यात नर्सिंगला आहे, वसतिगृहात राहते. "मा, सगळ्या मुली बघून हसताहेत त्या व्हिडिओला. एक हात येतो ना मध्ये, तो तुझा आहे."

"कशावरून?"

"मी पाचवीत असताना माझ्यासाठी लुची तळताना भाजली होतीस. मी कुणाला सांगितलं नाही. तूही सांगू नकोस."

त्याच संध्याकाळी मांपीने बीथिकाच्या पेजवर एक फोटो टाकला. स्वतः ती मोरपंखी जामदानी नेसून उभी. खाली लिहिलं होतं, 'दीदी, मी साडी परत केलेलीच नाही, ही बघा.' बिचारीला वाटलं असेल, आता प्रश्न मिटला. लोकांनी लिहिलं, बघा, चोरलेली साडी नेसून फोटो काढते, जनाची नाही आणि मनाचीही लाज नाही. कुणीतरी तिचे दोन्ही फोटो आणि बीथिकाचा आवाज एकत्र जोडले, मागे ढोलकीचं संगीत घातलं. कुणीतरी शोधून काढलं की ती कटव्याला एका शिशुशाळेत लहान मुलांना शिकवते. मग त्या व्हिडिओला नावच पडलं, 'साडीचोर दीदीमणी'. दीदीमणी म्हणजे शाळेतल्या बाई. आमच्या भाजीवाल्याच्या फोनवरही तो होता. त्याला मांपीही माहीत नव्हती आणि साडीही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आसनसोलहून फोन आला. मी बीथिकाच्या अंगणात होते. तिचे दोन्ही हात खळीत कोपरापर्यंत बुडालेले, म्हणून मीच फोन उचलून मोठ्या आवाजावर ठेवला. एक म्हातारी बाई हसत बोलत होती.

"अगं बीथिका, मी आसनसोलच्या मांपीची आई. डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना माझं. मांपीने साडी परत कर म्हणून सांगितलं, तर मी सुनेचीच साडी घडी करून तुला धाडली. तुझी इथं कपाटातच आहे. सून माझ्या नावाने बोटं मोडतेय. पाठवून देऊ का?"

बीथिका म्हणाली, "हो मावशी. काही हरकत नाही. पाठवा."

आसनसोलची ही मांपी वेगळीच होती. बीथिकाच्या हातावरची खळ वाळून पांढरी पडली. मग तिने उठून नळाखाली हात धुतले, पुष्कळ वेळ धुतले, पदराला पुसले आणि फोन घेऊन तो व्हिडिओ काढून टाकला.

"झालं. काढला."

"तुझ्या पेजवरून काढलास. बाकीच्यांनी उचललाय त्याचं काय?"

"बाकीच्यांचं मी काय करू? मी त्यांना उचला म्हणून सांगितलं होतं?"

"आज दुपारी बसशील तेव्हा खरं काय झालं ते सांग. दोन वाक्यं लागतील."

तिने खळीचं भांडं उचलून आत नेलं. दुपारी लाइव्ह झालं. शंख वाजला नाही. ओठ फुटलेत म्हणाली. आणि त्या दिवसापासून तिने कुणाला नावाने हाक मारली नाही.

परवा मांपीचा आवाजातला निरोप आला. बीथिकाने तो मला ऐकवला, कारण एकटीला ऐकवेना. रडणं नाही, शिव्या नाहीत. लहान मुलांना समजावून सांगायची सवय असलेला सावकाश आवाज.

"बीथिकादी, मी कटव्याची मांपी. माझं नाव देवारती कुंडू. तुम्ही कधी विचारलं नव्हतं म्हणून सांगते. तुम्ही व्हिडिओ काढून टाकलात, म्हणजे तुम्हालाही काहीतरी कळलं असणार. शाळेने मला सध्या येऊ नका म्हटलंय. दोन मुलांच्या आयांनी तक्रार केली. मोठ्या दीदीमणी म्हणाल्या, त्या साडीवाल्या बाईने स्वतः सांगितलं तर आम्ही बघू. माझं कुणी ऐकत नाही, पण तुमचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. एकदा सांगा. माझी मुलगी त्याच शाळेत आहे. तिला वर्गातल्या एकाने विचारलं, तुझी आई साड्या कुठे लपवते. ती मला येऊन विचारते आहे."

निरोप संपला तरी बीथिका फोन तसाच हातात धरून बसली होती. निताइ मागावरून उठून आला, दारात थांबला. "सांगून टाक," एवढंच म्हणाला आणि परत गेला. मागाचा आवाज काही लगेच सुरू झाला नाही.

काल मांपीचं पेज नाहीसं झालं. मी नंबर मिळवून फोन लावून बघितला. बंद. दुपारी लावला, संध्याकाळी लावला. बंद. तिच्या कडेवरच्या मुलीचा तो फोटो मात्र अजून सगळीकडे आहे, ढोलकीच्या संगीतासकट. बीथिकाने व्हिडिओ काढून टाकला, मांपीचं पेज गेलं, आणि तो तसाच फिरतो आहे.

आज लाइव्ह संपल्यावर मी भिंतीपलीकडे गेले. बीथिका साड्यांच्या घड्या घालत होती.

"तिचा फोन लागत नाही," मी म्हणाले.

"नवा नंबर घेतला असेल."

"बीथिका."

"पूजा होऊ दे, बौदी. दशमी झाली की सांगते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. देवीची शपथ."

"तोवर त्या मुलीचं काय?"

"आणि तोवर या सहा मागांचं काय? वर्षाची कमाई आमची याच दिवसांत. तुला सोपं आहे. दादांचा पगार पहिल्या तारखेला येतो."

इथे तिने बरोबर बोट ठेवलं. मी खाली बसले.

"तू खोटं बोलली नाहीस. चुकलीस. तेवढंच सांगायचंय."

तिने हातातली साडी बाजूला ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"चुकले म्हटलं की सोडतील असं वाटतं तुला? कसे तुटून पडतात ते मी बघितलंय. मीच तर सोडलं होतं त्यांना त्या पोरीवर. मला माहितीये ते कसे आहेत. रोज माझ्यासमोर बसतात. प्रेम करतात माझ्यावर. त्याच येतील."

मी उठले. ती खोटं सांगत नव्हती.

मी निघताना ती म्हणाली, "रिनीला विचार. शिकलेली आहे ती. ती काय म्हणते बघ."

विचारलं. जेवण झाल्यावर रिनीशी बोलले. ती म्हणाली, "मा, तू मध्ये पडू नकोस. तू बोललीस की तुझं नाव शोधतील, मग बाबांचं ऑफिस, मग माझं वसतिगृह. माझ्या मुलाखती आहेत पुढच्या महिन्यात. आजकाल कामावर घेण्याआधी नाव टाकून बघतात. तिथं पहिलीच गोष्ट साडीचोरवाला व्हिडिओ निघायला नको."

"मी तर फोन खाली ओढत होते."

"ते कोण बघतं? हात दिसतो, बस्स."

रिनीला पहिला फोन घेऊन दिला तेव्हा मी तिला एकच गोष्ट बजावली होती. जे चौकात उभं राहून मोठ्याने बोलणार नाहीस ते तिथं लिहू नकोस. मला वाटायचं, एवढं पाळलं की मूल सुरक्षित. पण बीथिका चौकातही हेच बोलली असती. तिला चौकाची भीती कधीच नव्हती. फक्त चौकात मांपी समोर उभी असती. तिने हातातली साडी दाखवली असती. बीथिकाने ती उलटी करून बघितली असती, निताइची वीण ओळखली असती, आणि बहुतेक दोघी आमच्याच अंगणात चहा पीत बसल्या असत्या. आपण ज्याच्याबद्दल बोलतो ते माणूस तिथं नसतं, आणि बाकीचं सगळं जग असतं. हे मी रिनीला तेव्हा सांगितलं नव्हतं. आता ती मला सांगते आहे की आपण गप्प राहू या, आणि मला तिचा राग येत नाही. ती माझीच मुलगी आहे. भ्यायला मीच शिकवलं.

पण मी अंथरुणावर पडले की तो सावकाश आवाज ऐकू येतो. मांपी रिनीहून फार मोठी नसेल. तिलाही कुणीतरी शिकवलं असेल की नीट वाग, कुणाला उलट बोलू नकोस. ती कुणाला उलट बोलली नाही. कुणाचं काही घेतलं नाही. साडी आईला आवडली म्हणून ठेवून घेतली.

मी त्या शिशुशाळेची माहिती शोधली. दारावरच्या पाटीचा फोटो मिळाला. पाटीवर बदक आणि फुगे रंगवले आहेत आणि खाली फोन नंबर आहे. मी तो उतरवून ठेवला आहे.

एका शाळेला फोन करून तो व्हिडिओ थांबणार नाही हे मला कळतं. भाजीवाल्याच्या फोनवर तो राहील. मांपीची मुलगी मोठी होईल आणि कुणीतरी तिला तो दाखवेल. पण मोठ्या दीदीमणी म्हणाल्या होत्या की कुणी सांगितलं तर बघू. साडीवाल्या बाईने सांगितलं तर, असं म्हणाल्या होत्या. आसनसोलचा फोन साडीवाल्या बाईबरोबर मीही ऐकला आहे. तिसरं कुणी ऐकलेलं नाही.

सकाळी आधी मी पेरूच्या झाडाखालून बीथिकाकडे जाणार आहे. तिच्या पाठीमागे काही करायचं नाही. तिला सांगीन, शाळा उघडली की मी फोन करते आहे. तोवर तू केलास तर मी करणार नाही. ती माझ्याशी बोलणं टाकेल. गल्लीतल्या सहा घरांतले लोकही टाकतील, आणि त्यांना मी वाईट म्हणू शकणार नाही. रिनीला नंतर कळवीन. आधी कळवलं तर ती रडेल, आणि तिच्या रडण्यापुढे माझं काही चालत नाही.

मोठ्या दीदीमणी विचारतील, कोण बोलतंय. तेव्हा रिनीची मा म्हणून भागणार नाही, नाव-आडनाव सांगावं लागेल. सुदेष्णा प्रामाणिक, फुलियाहून. देवारती कुंडूबद्दल बोलायचं आहे. त्या व्हिडिओत एक हात दिसतो, तो माझा.